फुटबॉलवाला जावई आणि हिचं आजारपण

आम्ही दोघांनी मिळून केलेली शेवटची साधी गोष्ट म्हणजे जावयाची एक जुनी मॅच बघितली. दुपारची वेळ. ही हॉलमधल्या खाटेवर उशीला टेकून, मी शेजारी खुर्चीत, मधे लॅपटॉप. मॅच किती वर्षांपूर्वीची. कोण जिंकलं ते तिलाही माहीत, मलाही माहीत. तरी ही म्हणते, "थांबा, आता तो पडणार बघा." तो पडला. "आता उठणार." उठला. मी म्हणालो, "अगं, इतक्यांदा बघितलंय, उठल्यावाचून राहील का?" तर म्हणाली, "पंखा कमी करा." केला. "इतका नाही." परत वाढवला. "आता वारा तोंडावर येतोय." त्यावरून आमचं वाजलं. वाजता वाजताच तिला झोप लागली. नंतर काही दिवस होती, पण धड बोलणं झालं नाही. म्हणजे इतक्या वर्षांच्या संसारातलं आमचं शेवटचं बोलणं पंख्यावरून.

मी चौथी शिकलेला माणूस. कराडला ट्रकचे टायर बदलले, पंक्चर काढली, जन्म त्यात गेला. लिहायची सवय नाही. इथल्या, सिंगापूरच्या, मराठी मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, अण्णा, तुमच्या घरावर जे गेलं ते लिहा, आणखी कुणाला उपयोग होईल. होईल का नाही ते मला ठाऊक नाही. आजार कशानं होतो, औषध कुठलं, ते मी सांगणार नाही. ते मलाच कळलं नाही. बघितलं तेवढं सांगतो.

आम्हाला एकच मुलगी, वैशाली. पुण्यात शिकली, पुढं मेलबर्नला शिकली आणि तिथंच तिनं लग्न ठरवून आम्हाला फोन केला. मुलगा गोरा. नाव कॅमरन, घरात कॅम. करतो काय विचारलं तर फुटबॉल खेळतो. मी म्हणालो, ते झालं, पण करतो काय? तर तेच करायचा. पगार घेऊन. आपल्याला माहीत आहे तो फुटबॉल नव्हे, त्यांच्या देशातला वेगळा. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट, मैदान केवढं तरी मोठं, दोन्ही टोकांना चार चार खांब. लाथ मारा, हातानं धरा, बुक्की मारून दुसऱ्याला द्या, समोरच्याच्या खांद्यावर गुडघा देऊन वर उडी मारा, सगळं चालतं. आता खेळ सुटला. सिंगापुरात एका शाळेत खेळाचा मास्तर आहे. वैशालीचं ऑफिस पाया लेबारला, घर सेंगकांगला, चौदाव्या मजल्यावर. आम्ही थोडे दिवस म्हणून आलो होतो. हिच्या पोटात दुखायला लागलं आणि राहिलो ते राहिलोच. लेकीच्या घरी, जावयाच्या अन्नावर. मला ते खुपायचं. अजून खुपतं.

*

नोव्हेनाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं सांगितलं तो दिवस. तो वैशालीशी इंग्रजीत बोलत होता, आम्ही दोघं तिच्या मागं खुर्च्यांवर. मला एकच शब्द कळला. तो कुठल्याही भाषेत कळतो. वैशाली आमच्याकडं वळली आणि म्हणाली, "आई, थोडी गाठ आहे."

ही म्हणाली, "थोडी गाठ म्हणजे? थोडं गरोदर असतं का कुणी?"

डॉक्टरनं विचारलं, काय म्हणतात. वैशालीला ते इंग्रजीत सांगता येईना, ती रडायला लागली. मग हीच तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. मी काय करत होतो? मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. काटा पुढं जातो का ते बघत होतो.

बाहेर आल्यावर ही म्हणाली, भूक लागलीय. खालच्या फूड कोर्टात इडली मिळाली. तिनं दोन खाल्ल्या, माझ्या बशीतली अर्धी उचलली. म्हणाली, "सांबार गोड आहे." त्या दिवशी घरात सगळे तिचं तोंड बघत होते आणि ती सांबाराला नावं ठेवत होती.

*

सुईचा दिवस म्हणजे पूर्ण दिवस जायचा. सकाळी टॅक्सी, मग नंबर, मग रक्त, मग परत नंबर, मग एक मोठी आरामखुर्ची आणि हाताला नळी. वॉर्ड गार, फ्रीजमध्ये ठेवल्यासारखा. एक फिलिपिनो नर्स होती, ती न मागता गरम केलेलं पांघरूण आणून हिच्या पायावर टाकायची आणि कानाशी वाकून "आँटी, व्हेरी ब्युटिफुल" म्हणायची. हिला एवढं इंग्रजी कळायचं. घरी येऊन मला ऐकवायची.

पहिल्या सुईला वैशालीला रजा मिळाली नाही. शाळेला सुट्टी होती म्हणून जावई आला. आता आमच्यात जावयाकडून काम करून घेत नाहीत. तो खोलीत आला की ही उठून बसायची, डोक्यावर पदर घ्यायची. पुढं केस गेले तरी पदर होताच. त्या दिवशी तिला ओकारी आली, आणि जावयासमोर ओकायचं कसं म्हणून ही तोंड दाबून बसली. घाम फुटला, डोळ्यांतून पाणी. मी म्हणालो, "अगं सोड." ती मान हलवते, नाही.

कॅमनं कागदी भांडं पुढं धरलं आणि त्याच्या मराठीत म्हणाला, "आई, मी पण. प्रत्येक मॅचच्या आधी. बादलीत. सगळी टीम बघते." आणि करून दाखवलं, आवाजासकट. पलीकडच्या खुर्चीतली चिनी म्हातारी खुदखुदली. हिला हसू आलं, आणि हसता हसता सगळं बाहेर पडलं. भांडं तोच घेऊन गेला.

घरी आल्यावर म्हणाली, "जावयानं माझी ओकारी उचलली. आता कुठल्या तोंडानं त्याच्यासमोर जाऊ?"

मी म्हणालो, "तोंडाचं काय घेऊन बसलीस, आतलं सगळं बघितलं त्यानं."

*

तिथून दोघांचं गूळपीठ जमलं. तो शाळा लवकर सुटेल त्या दिवशी वॉर्डात यायचा आणि नळी संपेपर्यंत खेळातलं सांगायचा. त्याचं मोडकं मराठी, हिचं मोडकं इंग्रजी, राहिलेलं हातवारे. मी पेपर धरून ऐकायचो. पेपर इंग्रजी होता.

त्यांच्यात अठराव्या वर्षी क्लबवाले पोरं निवडतात. कुठला क्लब उचलेल ते पोराच्या हातात नाही. ह्याचं गाव देशाच्या एका टोकाला, गव्हाच्या रानात, आणि ह्याला उचलणारा क्लब दुसऱ्या टोकाला. एक बॅग घेऊन परक्यांच्या घरी राहायला गेला. त्यांच्या जेवायच्या वेळा, त्यांची शिस्त.

ही म्हणाली, "म्हणजे तुमचं लग्नच लागलं म्हणा की. रडलात का?"

"बाथरूममध्ये. नळ चालू."

"मी गोठ्यात," ही म्हणाली.

मला हे माहीत नव्हतं.

सुरुवातीला दुय्यम टीममध्ये घासला. मग मोठ्या टीममध्ये घेतलं, आणि एक-दोन वर्षं अशी आली की पोरं त्याच्या नंबरचा शर्ट घालून हिंडायची. मग गुडघा गेला. नुसता वळला, कुणी हातही लावला नव्हता. एक अख्खं वर्ष पाय धरून बसला. ही म्हणाली, "तेव्हा टीमवाले भेटायला यायचे?" तो म्हणाला, "पहिला महिना." हिनं मान हलवली. आमच्याकडं पण पहिल्या महिन्यात माणसं डबे घेऊन यायची.

बरा होऊन परत खेळायला लागला. टीम फायनलला गेली आणि फायनलच्या आधी कोचनं ह्याला काढलं. टीम जिंकली. सगळ्यांच्या गळ्यात पदक, हा सूट घालून वर बसलेला, टाळ्या वाजवतोय. हिला एवढा राग आला की नर्स रक्तदाब बघायला आली. "त्या कोचला पोरंबाळं आहेत का?" म्हणाली. "आहेत," म्हणाला. "मग त्यांना असंच कुणीतरी भेटू दे." नंतर त्या क्लबनं ह्याला दुसऱ्या क्लबला देऊन टाकलं. तिथं परत नाव झालं. मग खांदा निखळला. परत बसला, परत उठला.

तिला खेळातलं एक फार आवडायचं. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण. नेम चुकला आणि बाजूच्या खांबांमधून गेला तरी एक. "चुकलं तरी एक देतात?" म्हणाली. "हा खेळ चांगल्या माणसांनी काढलेला दिसतोय."

शेवटच्या वर्षाचं तो स्वतःहून सांगत नव्हता. तिनं काढून घेतलं. पाऊल कामातून गेलं होतं. प्रत्येक मॅचच्या आधी पावलात सुई, पाऊल बधिर करायचं आणि पळायचं. त्याला नको होतं. क्लब म्हणतोय अजून एक वर्ष, बाप गावाकडनं फोन करतोय अजून एक वर्ष.

ही म्हणाली, "तुम्ही नको म्हणाला नाहीत का?"

"म्हणालो. एकदा. कोणी ऐकलं नाही. मग मी पण ऐकलं नाही."

"त्या वर्षातलं आठवतं काय?"

त्यानं बराच विचार केला. म्हणाला, "सुई."

ही भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मला वाटलं झोपली.

*

आता दिवसा घरात मी एकटा असतो. दोघं कामावर. लिफ्टमध्ये ती रेकॉर्डातली बाई बोलते, दार बंद होतंय म्हणून, दिवसातलं मला ऐकू येणारं तेवढंच बोलणं. खाली व्हॉइड डेकला, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, चिनी म्हातारे पट मांडून बसतात. मी गेलो की सरकून जागा देतात. बोलत नाहीत, मला तरी कुठं बोलता येतं. एकाचं प्यादं मेलं की तो माझ्याकडं बघून मान हलवतो, मी पण हलवतो. दोन कप चहा टाकायची सवय मोडलेली नाही. दुसरा मीच पितो, गार करून. कराडला परत जा म्हणाल, तर तिथंही दार उघडायला कोण आहे?

*

पहिल्या औषधानं गाठ थोडी मागं गेली, मग परत आली. डॉक्टर म्हणाला, आणखी एक औषध आहे, लागू पडेल का सांगता येत नाही. वैशाली म्हणाली, करू. मी म्हणालो, करू. परत येताना टॅक्सीत ही म्हणाली, "मला नको आता. घरी बसू."

वैशाली म्हणाली, "आई, असं निगेटिव्ह बोलायचं नाही."

मी म्हणालो, "तुला काय कळतंय? गप बस."

टॅक्सीवाल्यानं रेडिओ मोठा केला.

त्या नव्या औषधाची एक फेरी झाली आणि तोंड आतून सोलून निघालं. पाणी पिताना ओठ दाबून धरायची. पायाच्या तळव्यांना जमीन लागायची नाही, म्हणायची गादीवर चालल्यासारखं वाटतं. मी, वैशाली, दोघं तिला धीर द्यायचो. ती आम्हाला बरं वाटावं म्हणून हो हो म्हणायची.

ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांना एक सांगतो. आजारी माणसाला एकट्यानं विचारा, आणि विचारून झाल्यावर गप बसा. सगळ्यांसमोर विचारलंत तर ते तुमच्या मनासारखंच बोलणार. औषध सोडा असं मी म्हणत नाही. वॉर्डातले एक तमिळ गृहस्थ सगळ्या सुया घेऊन उठले, आता भाजी आणायला जातात, मी बघितलंय. पण कुणाचं काय ते त्याला विचारा.

*

अधिक महिना लागला. ही म्हणाली, जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं.

मी म्हणालो, "अगं, त्याच्याच घरात राहतोय आपण. त्याला त्याच्याच घरी जेवायला बोलवायचं?"

"मग? सासू आहे का नाही मी?"

दिवस कुठला धरला, तर दुसऱ्या फेरीच्या सुईचा आदला दिवस, रविवार. वैशाली म्हणाली, आई, दमशील. ऐकलं नाही. मी पुरण वाटलं, धोंडे भरून उकडले, ही स्टुलावर बसून माझ्या चुका काढत होती. "ते धोंडे आहेत का चेंडू?" अनारसे कुठले मिळणार, लिटिल इंडियातून बत्तासे आणले. तेहतीस मोजून घेतले तिनं.

सगळं झाल्यावर कॅमला म्हणाली, "तुम्ही खाली जा आणि पाहुण्यासारखे परत या." आणि तो गेला हो! सहा फूट चार इंचाचा माणूस, इस्त्रीचा शर्ट घालून लिफ्टनं खाली गेला, वर आला आणि स्वतःच्या दाराची बेल वाजवली. शेजारची आँटी जाळीतून बघत होती. तिनं विचारलं, "ए, लॉस्ट युअर की आ?" तो म्हणाला, "नो आँटी, आय अॅम द गेस्ट." ती म्हणाली, "आय्यो," आणि आत गेली.

वैशालीनं त्याला ओवाळलं. पाटावर मावत नव्हता, एक पाय बाहेर. गुडघा वाकत नाही त्याचा आता. पोटभर जेवला. हिनं वाण दिलं, निरांजन आणि बत्तासे. मग रीत म्हणून मी विचारलं, "जावईबापू, काय हवं ते सांगा." मला वाटलं, नको नको म्हणेल, मी शर्टाचं कापड आणून ठेवलं होतं.

त्यानं हात पुसले. घसा साफ केला. म्हणाला, "बाबा, मला एक पाहिजे. आईची सुई बंद. उद्या नोव्हेना नाही. आई घरी. तू हो म्हण."

वैशाली ताडकन उठली. इंग्रजीत काय काय बोलली, मला "माय मदर" तेवढं कळलं, ते तिनं दोन-तीनदा म्हटलं. तो खाली बघून ऐकत होता.

"त्याला ओरडू नकोस," ही म्हणाली. "मीच शिकवलं त्याला. आठवडाभर पाठ करून घेतलंय. 'पाहिजे'च म्हणता येत नव्हतं बिचाऱ्याला."

"अगं मग मला सांगायचंस की, आई!"

"सांगितलं होतं. टॅक्सीत."

वैशाली खाली बसली. ताटात हात तसाच.

मग ही माझ्याकडं वळली. "जावयानं धोंड्याच्या ताटावर मागितलंय. नाही म्हणायची सोय नाही तुम्हाला."

"असलं मागतात का कोण?"

"स्कूटर मागितली असती तर?"

"दिली असती."

"मग झालं."

मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. ताटं उचलली, मोरीत नेली आणि घासत बसलो. पुरणाचं पातेलं घासून घासून चकचकीत केलं. हो म्हणालो तर ती जाणार. नाही म्हणालो तरी जाणार, पण मला वाटत होतं थोडी उशिरा जाईल, आणि तेवढा उशीर मला हवा होता. माझ्यासाठी हवा होता. वैशालीनं खोलीचं दार लावून घेतलं. कॅम खाटेशी जमिनीवर बसून होता, बत्ताशांचं ताट मांडीवर घेऊन. ही पडली होती, डोळे मिटून.

*

सकाळी उठलो तर ती जागीच. छताकडं बघत होती. सुईच्या दिवशी मी तिला उठवायचो, पातळ काढून द्यायचो, त्याचीच ती वाट बघत होती. मी एकटाच तयार झालो. तिचं हॉस्पिटलचं कार्ड खिशात घातलं.

"तू झोप," म्हणालो. "मी जाऊन येतो."

तिनं पांघरूण वर ओढलं, हनुवटीपर्यंत.

फोनवर सांगता आलं असतं, वैशालीनं सांगितलं असतं. पण नाही म्हणायचं तर समोर जाऊन म्हणावं, मला तेच माहीत. आयुष्यात पहिल्यांदा एकटा एमआरटीनं, इथल्या मेट्रोनं, नोव्हेनाला गेलो. गाडीत सगळे मोबाइलमध्ये. मी वाटेत इंग्रजी जुळवत होतो, सन-इन-लॉ मागतोय, आमच्यात नाही म्हणता येत नाही, असं सगळं. नंबर घेतला. नंबर यायला वेळ होता तर बसून राहिलो, शेजारची खुर्ची रिकामी. एकानं विचारलं, इथं कोण बसलंय का. मी म्हणालो, नाही.

काउंटरवर ती ओळखीची मलाय मुलगी होती, स्कार्फवाली.

"मॉर्निंग अंकल. आँटी व्हेअर?"

"होम."

"लेट कमिंग आ?"

"नो कमिंग."

"टुडे नो कमिंग?"

"टुडे नो. नेक्स्ट नो. ऑल नो."

तिनं पेन खाली ठेवलं. हळू आवाजात म्हणाली, "अंकल, हू से?"

जावयाचं जे जुळवून आणलं होतं ते तोंडात आलंच नाही. म्हणालो, "शी से."

ती उठून आत गेली. डॉक्टर बाहेर आला, माझ्या शेजारी बसला, हळूहळू बोलला. दुखू नये म्हणून घरी माणसं पाठवू म्हणाला, एवढं कळलं. मी ओके ओके म्हणालो. त्यानं हात पुढं केला, मी दोन्ही हातांनी धरला. मग गाडीत बसून परत आलो.

दार उघडलं तर ही खाटेवर उशीला टेकून बसली होती. डोक्यावर पदर नव्हता. वैशाली रजा टाकून घरीच थांबली होती, तिच्या तळव्यांना तेल लावत होती, डोळे सुजलेले.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

तिनं माझ्या हातांकडं बघितलं. "आणि भाजी?"

"विसरलो."

"नोव्हेनापर्यंत जाऊन आलात, वाटेत बाजार लागत नाही का? जा. मेथी मिळाली तर बघा. ती इथली पोकळ देठाची नको, रोज रोज."

चपला काढल्या होत्या. परत घातल्या आणि खाली गेलो.